ग्लुटेनमुक्त आहार आणि मुलांचे वजन

‘ग्लुटेन बंद केले की मुलांचे वजन आपोआप उतरते’, असा समज बराच काळ फिरत आहे. सिलिअॅक आजार असलेल्या मुलांत बहुधा उलटेच घडते. गहू, बार्ली व राय यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे त्यांच्या लहान आतड्यातील सूक्ष्म अंकुरांना इजा होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. ग्लुटेन थांबल्यावर हे अंकुर हळूहळू भरून येतात, शोषण सुधारते आणि खुंटलेले वजन वाढू लागते. काही मुले तर निदानाच्या वेळीच स्थूल असतात. शिवाय ग्लुटेनमुक्त बिस्किटांत साखर कमी असतेच असे नाही. वेष्टनावरील पोषणतक्ता साध्या बिस्किटांशी ताडून पाहावा. पडताळ्यासाठी काट्यावरचा एकच आकडा न पाहता उंची व वजन दोन्ही काही महिने वाढतक्त्यावर नोंदवावे. मात्र सिलिअॅकच्या रक्ततपासणीपूर्वी ग्लुटेन बंद करू नये, अन्यथा निदान हुकू शकते.