रिव्हर्ब सॉफ्टवेअर

संगणकावरील आवाजाला एखाद्या जागेचा निनाद देणारी प्रणाली. निनादकाल, पहिल्या परावर्तनाआधीचा विलंब, उंच स्वरांचे शमन, मूळ आणि निनादित आवाजाचे प्रमाण हे सारे वापरणाऱ्याला बदलता येते. आवाज थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. तो जागेच्या घनफळाबरोबर वाढतो आणि ध्वनिशोषणाबरोबर घटतो, हे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये प्रयोगांनी दाखवले.

गोव्यात हा फरक थोड्याशा अंतरात कानाला कळतो. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये (बांधकामाचा आरंभ १५६२) उंच छत आणि कठीण भिंती यांमुळे स्वर रेंगाळतो. फोंडा तालुक्यातल्या देवळाच्या सभामंडपात दारे उघडी आणि माणसे दाटीने बसलेली असली, की भजनातला शब्द सुटा ऐकू येतो. भजनाच्या ध्वनिमुद्रणावर कॅथेड्रलचा निनाद चढवला, तर पखवाजाचे बोल एकमेकांत मिसळतात आणि अभंगाचे शब्द हरवतात. अभंगात शब्दच महत्त्वाचा, म्हणून तिथे निनाद बेतानेच हवा.

बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६२ मध्ये मांडलेली रचना आजही पाया मानली जाते: समांतर कोम्ब फिल्टर आणि त्यांच्यामागे एकापुढे एक ऑलपास फिल्टर (सर्व स्वरांची पातळी तशीच ठेवून परावर्तने दाट करणारे). कोम्ब म्हणजे स्वतःचाच आवाज थोडा क्षीण करून पुन्हा आत घेणारी विलंबवाहिनी. जेम्स मूरर यांनी १९७९ मध्ये या फेऱ्यात उंच स्वर शोषणारा फिल्टर घातला. २००० सालच्या ‘फ्रीव्हर्ब’ या रिव्हर्ब प्रणालीत डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला ८ कोम्ब आणि ४ ऑलपास असतात. त्यातला सर्वांत आखूड कोम्ब १११६ नमुन्यांचा (नमुना म्हणजे आवाजाचे एका क्षणाचे मोजमाप), म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या नमुनादराला सुमारे २५.३ मिलिसेकंदांचा. निनादकाल २ सेकंद हवा असेल तर त्याचा फीडबॅक (प्रत्येक फेरीत पुन्हा आत घेतलेल्या आवाजाचे प्रमाण) सुमारे ०.९१६ येतो आणि १ सेकंदासाठी ०.८४. हे गणित सॉफ्टवेअरने करावे. वापरणाऱ्याला सेकंद सांगता आले पाहिजेत. फ्रीव्हर्बचे ‘रूम साइज’ हे नियंत्रण प्रत्यक्षात विलंब बदलतच नाही, फक्त फीडबॅक बदलते. खोली मोठी झाल्याचा भास होतो, पण परावर्तनांमधले अंतर तेवढेच राहते. आकार आणि निनादकाल ही दोन वेगळी नियंत्रणे असावीत आणि आकार बदलला की फीडबॅक नव्याने मोजला जावा.

विलंबांच्या लांबीत सामाईक विभाजक फार असले तर परावर्तने एकाच क्षणी आदळतात. हार्मोनियमच्या लांब सुरात हा दोष झाकला जातो. घुमट या गोव्याच्या मातीच्या तालवाद्यावर एक कोरडी थाप दिली की मागून धातूची किणकिण उघडी पडते. म्हणून चाचणीला घुमट आरतीचे रेकॉर्डिंग उत्तम.

कन्व्होल्यूशन ही दुसरी पद्धत. तीत आवाजाच्या प्रत्येक नमुन्याला खऱ्या जागेत टिपलेला प्रतिसाद जोडून साऱ्यांची बेरीज केली जाते. ती त्या जागेशी इमानदार राहते, मात्र तिथे फेरफाराला वाव कमी.

वाजत असताना विलंब एकदम बदलला तर टकटक ऐकू येते. नवे मूल्य हळूहळू सरकवावे लागते. फीडबॅक १ पेक्षा कमी ठेवणे बंधनकारक, नाहीतर आवाज उतरण्याऐवजी तसाच राहतो किंवा फुगत जातो. साठवलेली सेटिंग्ज सेकंदांत असावीत, नमुन्यांत नव्हे: ४८,००० च्या नमुनादराला तोच १११६ चा विलंब १२१५ नमुन्यांचा होतो.