बुक ऑफ अवर्स
मध्ययुगीन युरोपात पाद्री वा मठवासी नसलेल्या लोकांनी घरी वाचायचं प्रार्थनापुस्तक, आपल्याकडच्या नित्यपाठाच्या पोथीसारखंच म्हणा. पहाटेच्या मॅटिन्सपासून झोपण्याआधीच्या कॉम्प्लिनपर्यंत दिवसात आठ वेळा म्हणायच्या मेरीच्या प्रार्थना हा गाभा, सोबत सणांचं कॅलेंडर, पश्चात्तापाची ७ स्तोत्रं वगैरे. मजकूर बहुतेक लॅटिन. आधी हा भाग साल्टर म्हणजे स्तोत्रांच्या पुस्तकाला जोडलेला असायचा, तेराव्या शतकात सुटा झाला. इंग्लंडमधलं सगळ्यात जुनं टिकलेलं सुटं पुस्तक म्हणून चित्रकार विल्यम द ब्रेल्सने ऑक्सफर्डला साधारण १२४० च्या सुमारास केलेलं सांगतात.

पानांसाठी वासराचं नाहीतर शेळी-मेंढीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, चौकटीवर ताणायचं आणि अर्धचंद्रासारख्या सुरीने खरवडायचं. लिहिणारा चित्रांची जागा मोकळी सोडून पुढे जायचा. चित्रात सोन्याचा वर्ख आधी आणि रंग नंतर, कारण वर्ख घोटताना शेजारचा रंग खराब होतो, आणि घोटायला चक्क कुत्र्याचा दात वापरायचे! भारी निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा. कॅलेंडरमधले मोठे सण लाल शाईत.

पुस्तक कुठे बनलं हे ठरवताना खरा घोळ होतो. प्रार्थनांचा पाठ गावागणिक थोडा बदलतो, त्याला 'यूज' म्हणतात (रोम, पॅरिस, इंग्लंडातला सॅरम, म्हणजे सॉल्झबरीचा), आणि जुने कॅटलॉगवाले यूज बघून गाव ठरवून मोकळे व्हायचे, पण आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज शहराच्या वर्कशॉपमध्ये इंग्लंडच्या गिऱ्हाइकांसाठी सॅरम यूजची पुस्तकं ढिगाने बनत होती, म्हणजे यूजवरून फार तर पुस्तक कुठे वापरायचं होतं ते कळतं, बनवल्याचं गाव चित्रांच्या आणि अक्षराच्या शैलीवरून शोधलेलं बरं. मालकाचंही तसंच. 'ओब्सेक्रो ते' या प्रार्थनेत 'तुझा दास' लिहिलंय की 'तुझी दासी' यावरून मालक पुरुष की बाई असा अंदाज बांधतात, पण नकलाकाराने समोरच्या प्रतीतलं पुल्लिंगी रूप तसंच उतरवलं असू शकतं, त्यामुळे 'दासी' सापडली तर तो पुरावा जरा पक्का, 'दास' तेवढा नाही.

न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियममधलं फ्रान्सची राणी झान देव्रो हिचं पुस्तक जेमतेम ९ सेंमी उंच आहे, तळहातावर मावेल एवढं. या राणीच्या मृत्युपत्रात नवऱ्याने, म्हणजे राजा चौथ्या चार्ल्सने, तिच्यासाठी करून घेतलेल्या आणि प्युसेल या चित्रकाराने रंगवलेल्या एका अगदी छोट्या प्रार्थनापुस्तकाचा उल्लेख आहे. ते हेच का, यावर वाद झालाय, पण आकार, राणीचं चित्र, शैली सगळं जुळतं, त्यामुळे हेच असावं असं बहुतेकजण धरून चालतात. काळ साधारण १३२४ ते १३२८.

साधी, स्वस्त पुस्तकं वापरून वापरून संपली, त्यामुळे आज दिसतं ते श्रीमंतांचंच जास्त. कोऱ्या पानांवर घरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी करायची पद्धत होती. पुस्तक दुसऱ्याकडे गेलं की नवा मालक जुन्या कुलचिन्हावर आपलं रंगवून घ्यायचा. १४८० च्या दशकापासून पॅरिसमध्ये छापील प्रती निघायला लागल्या. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये संत थॉमस बेकेटचं नाव प्रार्थनापुस्तकांतून काढायला लावलं. काहींनी ते खरवडून टाकलं, काहींनी नुसती बारीक रेघ मारलीय आणि खालचं नाव आरामात वाचता येतं.