हृदयाला छिद्र असलेली मुलं मोठी झाल्यावर : खानदेशातील पार्श्वभूमी

जन्मजात हृदयदोषावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1938 सालची, निळ्या बाळांसाठीची (रक्तात प्राणवायू कमी पडल्यानं अंग निळसर दिसणारी बाळं) 1944 ची. खानदेशात याचा लाभ फार काळ मोजक्याच घरांना झाला. ऐपत असलेले भुसावळहून मुंबईची गाडी धरत. नंदुरबारकडचे लोक सुरतेला जात, आजही जातात.

खरा फरक 2012-13 मध्ये पडला. जुलै 2012 ला दवाखान्यातल्या उपचारांचा खर्च उचलणारी राज्याची आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत आली, त्यांत धुळे होतं. जळगाव आणि नंदुरबारला ती पुढच्या वर्षी मिळाली. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून देशभरासाठी बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तपासणी पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येऊ लागली. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या कित्येक लेकरांच्या छातीला स्टेथोस्कोप लागला, हे श्रेय दिलंच पाहिजे.

वाद आहे तो या कार्यक्रमाच्या वयोमर्यादेचा : शून्य ते अठरा. मर्यादेच्या बाजूनं सांगतात की तपासणी अंगणवाडी आणि शाळेवर उभी आहे, मूल शाळेतून बाहेर पडलं की पथकाला ते सापडणार कुठे? शिवाय राज्याच्या योजनेला वयाची अट नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ती योजना रुग्ण दवाखान्यात दाखल होतो तेव्हा कामी येते, आणि त्याला आधी तिथवर पोचवायला कुणी उरत नाही. फॅलोटचा दोष (निळ्या बाळांमधला नेहमीचा हृदयदोष) दुरुस्त केलेल्या मुलाची फुप्फुसाकडची झडप बहुतेकदा गळत राहते, वीस-तीस वर्षांत हृदयाचा उजवा कप्पा ताणतो, ठोके बिघडतात. त्याला बराच काळ काहीच जाणवत नाही. वर्षा-दोन वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला तरच कळतं. घरचे मात्र म्हणतात, 'लहानपणीच ऑपरेशन झालं, आता काय?' साक्री-नवापूरकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. जुनी फाईल घरी पत्र्याच्या पेटीत राहते, किंवा राहतही नाही.

मुलींचं अधिक अवघड. लग्न लवकर होतं, सासरी सांगितलेलं नसतं. छिद्र न बुजवल्यानं फुप्फुसातला दाब कायमचा वाढला असेल तर गर्भारपण जिवावर बेतू शकतं. हा सल्ला लग्नाआधी मिळायला हवा, सातव्या महिन्यात नव्हे.

2018 ला जळगावात, 2020 ला नंदुरबारात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. धुळ्याचं आधीपासून होतंच. पण बालहृदयतज्ज्ञ अठरानंतर हात सोडतात आणि मोठ्यांच्या हृदयतज्ज्ञांचा दिवस ब्लॉकेज, अँजिओप्लास्टीत जातो. महिन्यातून एक दिवस या रुग्णांची वेगळी ओपीडी आणि डिस्चार्ज कार्डावर पुढच्या इकोचं वर्ष मराठीत लिहिलेलं, एवढं तरी या तीन ठिकाणी आजच करता येण्यासारखं आहे.