सायक्लेस्थेरिया हिस्लोपी

गोड्या पाण्यात राहणारा, दोन झडपांच्या पारदर्शक कवचात मिटलेला सूक्ष्म प्राणी. झिंगे आणि खेकडे ज्या कवचधारी गटात मोडतात, त्याच गटातला. पण पूर्ण वाढला तरी जेमतेम ५ मिलिमीटरचा. जगभरच्या उष्ण प्रदेशांतून त्याची नोंद आहे. ज्या नमुन्यांवरून या जातीचे पहिले वर्णन झाले ते मात्र नागपूरचे.

नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप दगड, जीवाश्म, डबक्यातले जीव असे जे हाती लागेल ते जमवत. (१८६३ मध्ये टाकळघाटजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून ते वारले.) त्यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड यांनी १८५९ मध्ये ‘एस्थेरिया हिस्लोपी’ ही जात सांगितली. पुढे नॉर्वेचे जी. ओ. सार्स यांनी ऑस्ट्रेलियातून आलेला सुका चिखल पाण्यात भिजवला, त्यातून हे जीव वाढवले आणि १८८७ मध्ये त्यांच्यासाठी ‘सायक्लेस्थेरिया’ ही वेगळी प्रजाती (जातीच्या वरची पातळी, जीनस) उभी केली. सुकलेली अंडीही तग धरतात, हे त्या चिखलाने चांगलेच दाखवले.

याचे बहुतेक भाऊबंद, म्हणजे इतर शिंपलीधारी झिंगे, पावसाळी डबक्यांत वाढतात. हा मात्र बराच काळ टिकणाऱ्या, पाणवनस्पती असलेल्या पाण्यात सापडतो. पूर्व विदर्भात शोधायचा तर मामा (माजी मालगुजारी) तलावाचा किंवा बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, शेवाळी काठ पाहावा. मासे धरायच्या जाळ्यातून तो सहज निसटतो. बारीक कापडाची जाळी वनस्पतींतून फिरवून पाणी पांढऱ्या ताटलीत ओतले की फिरणारे गोल दाणे दिसू लागतात.

इथेच गफलत होते, कारण हे दाणे दुसऱ्याच जीवांसारखे वाटतात. लहान शिंपल्याचे कवच चुन्याचे, टणक, आत मांसल पाय. याचे कवच पातळ, आत पानासारख्या पायांच्या सुमारे १५ जोड्या. ऑस्ट्राकॉड हा दुसरा इवलासा कवचधारी प्राणीही दोन झडपांचा असतो, पण त्याचे पाय मोजकेच. डॅफ्नियाशी (पाणपिसूशी) साम्य मात्र वरवरचे नाही, ते खरेच जवळचे नाते आहे. डॅफ्नियाप्रमाणेच यातली मादी बहुधा नराशिवाय प्रजनन करते, पिल्ले कवचाच्या आतच वाढवते आणि ती बाहेर पडतात तेव्हा आईसारखीच दिसतात. इतर शिंपलीधारी झिंग्यांत असते तशी मोकळी पोहणारी अळी इथे नसते. नर क्वचित मिळतो. त्याच्या पायांची फक्त पहिली जोडी मादीला धरण्यासाठी आकड्यासारखी झालेली असते. इतर बहुतेक शिंपलीधारी झिंग्यांत अशा दोन जोड्या असतात. भिंगाखाली एवढे दिसले की ओळख बहुतेक पक्की.

बहुतेक, कारण दीडशे वर्षे एकच समजली गेलेली ही जात प्रत्यक्षात अनेक जातींचा गठ्ठा असल्याचे जनुकीय अभ्यासातून पुढे आले आहे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या जाती वेगळ्या काढल्या, तर नामकरणाच्या नियमाप्रमाणे ‘हिस्लोपी’ हे नाव नागपूरच्या प्राण्याकडे राहणार आणि बाकीच्यांना दुसरी नावे लागणार. त्यामुळे ब्राझील किंवा ऑस्ट्रेलियाचा नमुना नेमका कोणता, हे ठरवण्यासाठीही तुलनेला नागपूर परिसरातला ताजा नमुना लागतो. तो तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मॅलिनमध्ये आकार टिकतो, पण डीएनए खराब होतो. बाटलीत तलावाचे नाव, गाव आणि तारीख पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.