ब्रँडच्या रंगांचे सातत्य

बोधचिन्ह, पाट्या, वेष्टने, गणवेश, संकेतस्थळ, पत्रशीर्ष अशा सगळ्या ठिकाणी संस्थेचा ठरलेला रंग एकाच छटेचा दिसावा म्हणून लावलेली व्यवस्था. असा रंग लोकांच्या डोळ्यांत बसला की नाव वाचण्याआधीच संस्था ओळखू येते. टिफनी या दागिन्यांच्या कंपनीच्या फिकट निळ्या रंगाला, रंगांना क्रमांक देणाऱ्या पॅन्टोन या कंपनीने, १८३७ हा क्रमांक दिला आहे. कंपनीची स्थापना त्या वर्षीची.

सीएमवायकेचे, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी या चार शायांचे, आकडे म्हणजे छपाईयंत्राला दिलेली कृती. कोणती शाई किती टक्के टाकायची एवढेच ते सांगतात. कागद बदलला की त्याच कृतीतून वेगळा रंग उतरतो. आरजीबीचे, म्हणजे पडद्यावरच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या आकड्यांचेही, तसेच. त्या आकड्यांसोबत एसआरजीबीसारखी रंगव्याप्ती (आकड्यांतून कोणते रंग घ्यायचे याची ठरलेली चौकट) सांगितली नसेल तर दोन पडदे एकाच लाल रंगाचे दोन अर्थ लावतात. शिवाय पडद्यावरचा झगझगीत केशरी किंवा हिरवा चार शायांत मावतच नाही. सॉफ्टवेअरने आपोआप केलेले रूपांतर ब्रँडच्या मार्गदर्शिकेत उतरवून मोकळे होणे ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

म्हणून आधी एक मूळ नमुना ठरवावा लागतो. छपाईत बहुधा पॅन्टोनचा क्रमांक घेतात. १९६३ मध्ये आलेल्या या पद्धतीत रंग ठिपक्यांनी न साधता शाईच त्या छटेची मिसळून घेतात. तिला स्पॉट कलर म्हणतात. क्रमांकापुढचे ‘सी’ हे अक्षर चकचकीत लेपाच्या कागदासाठी आणि ‘यू’ हे बिनलेपाच्या कागदासाठी असते. शाई एकच, पण बिनलेपाचा कागद ती शोषून घेतो आणि छटा मंद पडते. अशा वेळी नुसते अक्षर न बदलता ‘यू’च्या शेडकार्डात (छापील रंगनमुन्यांच्या पुस्तिकेत) मूळ नमुन्याला सर्वांत जवळचा दिसणारा क्रमांक शोधावा, मग तो वेगळा निघाला तरी चालेल. शेडकार्डही हाताळून आणि उजेडाने पिवळट पडते. वर्ष-दीड वर्षाने ते बदलतात.

क्रमांकासोबत सीआयई-लॅब (डोळ्यांना दिसणारा रंग तीन आकड्यांत सांगणारी पद्धत) मूल्ये नोंदवणे शहाणपणाचे. १९७६ मध्ये ठरलेली ही मोजणी साधनावर अवलंबून नसते. ‘एल’ म्हणजे उजळपणा, ‘ए’ म्हणजे हिरवा-लाल अक्ष आणि ‘बी’ म्हणजे निळा-पिवळा अक्ष. २०२२ मध्ये अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोनचे बहुतेक रंगसंग्रह काढले गेले आणि फोटोशॉपच्या जुन्या फायलींत ते रंग काळे दिसू लागले. ज्यांच्याकडे लॅब मूल्ये लिहिलेली होती त्यांना रंग पुन्हा भरून घेता आला.

दोन छटांमधले अंतर डेल्टा ई या एककात मोजतात. साधारण १ इतका फरक शेजारी-शेजारी धरला तरच जाणवतो. ऑफसेट छपाईच्या आयएसओ १२६४७-२ या मानकात भरीव शाईसाठी ५ पर्यंत सूट आहे, मात्र बोधचिन्हाच्या रंगाला पुष्कळदा २ चीच मर्यादा घालतात. नुसते ‘डेल्टा ई २’ लिहून भागत नाही. सूत्र कोणते (सहसा सीआयईडीई२०००), प्रकाश कोणता (छपाईसाठी डी५०, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित प्रकाश) आणि मोजणीची अट कोणती हे सोबत हवे. कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने असतील तर एम० आणि एम१ या, मोजताना वापरायच्या प्रकाशाच्या, प्रमाणित अटींखाली त्याच नमुन्याची मूल्ये वेगळी येतात, आणि मग छापखाना व ग्राहक दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात.

यानंतर प्रत्येक माध्यमासाठी वेगळी जुळणी करावी लागते: लेपाचा कागद, बिनलेपाचा कागद, वर्तमानपत्र, पडदा, व्हिनाइल, पावडर कोटिंग (धातूवर भुकटीने दिलेला रंग), भरतकामाचा धागा. लोखंडी पाट्यांना पॅन्टोनऐवजी राल (रंगलेपांसाठीची जर्मन क्रमांकपद्धती) क्रमांक द्यावा; डॉइश टेलिकॉमच्या मॅजेंटाला राल ४०१० असा स्वतंत्र क्रमांकच आहे. जुळणी डी५० प्रकाशात करून तोच नमुना दिवसाच्या उजेडात आणि दुकानातल्या दिव्याखालीही पाहावा. एका दिव्याखाली तंतोतंत जुळणारे कापड आणि कागद दुसऱ्याखाली फटकून दिसतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्ये वेगळी असतात. हा दोष आकडे बदलून जात नाही, रंगद्रव्यच बदलावे लागते.

निळ्याकडे विशेष लक्ष हवे. सायन १०० आणि मॅजेंटा १०० टक्के टाकले तर कागदावर जांभळा उतरतो. दोहोंत किमान ३० टक्क्यांचे अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. रिफ्लेक्स ब्लू ही पॅन्टोनची गडद निळी शाई उशिरा सुकते आणि घाईने कापणी केली की पुढच्या पानावर डाग पाडते. कोणतीही शाई ओली असताना अधिक गडद-तजेलदार दिसते, त्यामुळे यंत्रावरून उतरलेल्या पहिल्याच पानाला मंजुरी देऊ नये. लॅमिनेशनचेही भान ठेवावे: चकचकीत थराने छटा गडद होते, मॅटने ती धुरकटते. प्रूफ तोच थर लावून तपासावा.

पडद्यावर बिघाड सांध्यात दिसतो. बोधचिन्हाच्या चित्रफायलीत एक रंगप्रोफाइल (आकड्यांचा अर्थ सांगणारी नोंद) जोडलेले असते आणि भोवतीची पार्श्वभूमी संकेतस्थळाच्या कोडमधून येते. दोन्हींत आकडे तेच असूनही चित्राभोवती पुसट चौकोन उमटतो. चित्र एसआरजीबीत रूपांतरित केले किंवा बोधचिन्ह एसव्हीजी (रेषा-आकारांच्या वर्णनातून चित्र काढणाऱ्या) स्वरूपात घेतले की तो जातो. मजकुरासाठी रंगाचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. फिकट ब्रँडरंग इथे हमखास नापास होतो. मजकुराची गडद छटा मार्गदर्शिकेत दिली नसेल तर प्रत्येक डिझायनर आपापली शोधतो.

कार्यालयात रंग बिघडतो तो नकलांमुळे. कुणी संदेशातून आलेल्या जेपीजीवर आयड्रॉपर टेकवून रंग उचलतो, त्यावरून दुसरा उचलतो. सादरीकरणाच्या आणि पत्राच्या टेम्पलेटमध्ये थीम रंग आधीच भरून ठेवले तर हे बरेच थांबते.

मंजूर झालेला प्रत्येक नमुना तारीख, कागद, शाई आणि मोजलेल्या मूल्यांसह अंधाऱ्या पाकिटात ठेवतात. उघड्यावरच्या पाट्या मात्र फिरून तपासाव्या लागतात. चार शायांत छापलेल्या पाटीवरचे पिवळे आणि मॅजेंटा उन्हाने आधी उडतात, आणि लाल बोधचिन्ह असलेली पाटी हळूहळू निळसर होत जाते.