नाना, ती फट बुजवू नका

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नेहमीच्या वाइंडिंगच्या दुकानात एक वेगळी मोटर आली होती. भिंतीला बोअरच्या मोटरी टेकवून ठेवलेल्या, लांब आणि सडपातळ, जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या केळीच्या बागांमधून वर काढलेल्या. ही मात्र बुटकी, जाडजूड, ओतीव लोखंडाची. एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या विहिरीतली. नानांनी ती भरली होती, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळली होती, नेहमीसारखी चोख. झाकण बसवताना त्यांनी जोडात कागदी पॅकिंग टाकलं, वरून सीलंट फिरवलं आणि मला म्हणाले, "बारीक फट वाटत होती भाऊ, बुजवून टाकली. आता थेंब जायचा नाही."

नानांच्या हातात कसूर नाही. त्यांनी भरलेली मोटर लवकर परत येत नाही, हे आमच्या भागातला कुठलाही बागाईतदार सांगेल. चूक झाली ती काळजीपोटी, आणि म्हणूनच ती समजून घेण्यासारखी आहे. त्या मोटरीच्या नावपट्टीवर 'एक्स डी' अशी अक्षरं कोरलेली होती. म्हणजे आतला स्फोट आतच ठेवणारं कवच. ज्या मोटरीवर ती असतात, तिच्या जोडातली फट मोटर बनवणाऱ्यांनी मोजून ठेवलेली असते.

आधी गॅसचं बघू. ज्यांच्या गोठ्यामागे गोबरगॅस आहे त्यांना निम्मी गोष्ट माहीतच आहे. हवा न लागता मैला, शेण, उष्टं-खरकटं कुजलं की जिवाणू मिथेन तयार करतात. गटाराच्या विहिरीतही तेच चालतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांकडे गेला की जास्त जोमानं चालतं. मिथेन हवेत साधारण 5 ते 15 टक्के असेल तरच पेटतो. गोबरगॅसच्या टाकीत तो 55-60 टक्के असतो, हवा जवळजवळ नसते, म्हणून टाकी आतून पेट घेत नाही. गटाराच्या विहिरीत मात्र झाकणाच्या फटींतून हवा येत राहते आणि मिश्रण केव्हाही त्या धोक्याच्या पट्ट्यात शिरू शकतं. सोबत सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. तोही पेटतो, 4 टक्क्यांच्या आसपास. त्यात एखाद्या गॅरेजनं पेट्रोल नाल्यात सोडलं तर विचारायलाच नको. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात 22 एप्रिल 1992 रोजी गळक्या पाइपलाइनमधून भुयारी गटारात उतरलेल्या पेट्रोलचा स्फोट झाला आणि कित्येक किलोमीटर रस्ते उखडले गेले. 200 हून अधिक माणसं गेली.

मिथेन पेटायला ठिणगी केवढी लागते? सुमारे 0.28 मिलिज्यूल. तुरीचा एक दाणा वीत-सव्वा वीत उंचीवरून पडला तर जेवढी ऊर्जा निघते, तेवढीच. दालमिलच्या गावाला हे माप पटकन कळेल.

आता मोटर. बोअरच्या आपल्या पाणबुडी मोटरीत बहुधा पाणीच भरलेलं असतं. तारेवर प्लास्टिकचा लेप असतो आणि पाणीच तिला थंड ठेवतं. सांडपाण्याच्या पंपाची मोटर बहुतेक वेळा आतून कोरडी असते. खाली पंखा, वर मोटर, आणि मध्ये तेलाची कोठी. कोठीच्या दोन्ही बाजूंना एकेक मेकॅनिकल सील, फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारं. खालचं सील झिजलं तर पाणी आधी तेलात येतं, तिथला ओलाव्याचा सेन्सर पॅनेलला खबर देतो, आणि वाइंडिंग शाबूत असतानाच पंप वर काढता येतो. मला ही रचना फार आवडते. बिघाड होणार हे धरूनच ती केलेली आहे.

पाणी थोपवणारी सीलं गॅस का थोपवत नाहीत? कारण मोटर श्वास घेते. आतली हवा चालताना 30 अंशांवरून 110 अंशांवर गेली, तर तिचा दाब पाव पटीनं वाढतो. ती सीलांतून, केबलच्या बाजूनं थोडीथोडी बाहेर सरकते. मोटर थांबून गार झाली की आत दाब कमी पडतो आणि बाहेरचं ओढलं जातं. दिवसातून वीस वेळा चालू-बंद होणाऱ्या पंपात हे रोज होतं. त्यामुळे रचना करणाऱ्यांनी गॅस आत येणारच असं गृहीत धरलं. कधीतरी वाइंडिंगचे दोन वेढे एकमेकांना टेकतील, बेअरिंग जाऊन आतला फिरता रोटर घासेल, ठिणगी पडेल, आत स्फोट होईल, हेही धरलं. मग मागणी एवढीच उरली की आतला स्फोट आतच राहावा.

बंद जागेत मिथेन पेटला की दाब वातावरणाच्या सात-आठ पट होतो. 30 सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर त्या क्षणी जवळपास पाच टनांचा रेटा येतो. म्हणून कवच जाड आणि बोल्ट ठरलेल्या दर्जाचे, ठरलेल्या लांबीचे. एखादा बोल्ट हरवला आणि डब्यातला जवळच्या मापाचा लावला, हे इथे चालत नाही.

एवढा दाब अडवून धरला तरी जोडातून थोडा वायू सुटतोच, आणि ज्योतीचं तापमान असतं सुमारे 1,900 अंश. ती ज्योत बाहेर आली की विहिरीतला गॅस पेटला. यावरचा उपाय कोळशाच्या खाणींतून आला. 1815 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांच्या दिव्याभोवती तारेची बारीक जाळी लावली. जाळीची भोकं उघडी असूनही ज्योत बाहेर जात नव्हती, कारण धातू तिची उष्णता शोषून घेत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल बायलिंग यांनी हेच तत्त्व विजेच्या यंत्रांच्या कवचाला लावून तपासलं. दोन घासून सपाट केलेल्या धातूंच्या मधल्या अरुंद, लांब फटीतून जाताना ज्योत विझते आणि बाहेर पडतो तो वायू पेटवण्याइतका गरम राहत नाही. 25 मिलिमीटर लांबीच्या जोडातून मिथेनची ज्योत पार न होण्याची प्रयोगातली मर्यादा 1.14 मिलिमीटर आहे, हायड्रोजनची फक्त 0.29. प्रत्यक्ष मोटरीत यापेक्षा पुष्कळ कमी, बहुधा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकीच फट चालते.

मग नानांचं पॅकिंग नडतं कुठे? अर्ध्या मिलिमीटरचा कागद दोन्ही धातूंना अर्धा मिलिमीटर दूर ठेवतो. आत स्फोट झाला की तो कागद जळून किंवा फाटून उडतो, आणि मागे राहते अर्ध्या मिलिमीटरची उघडी वाट, चालणाऱ्या फटीच्या अडीच ते पाच पट. जिथे ज्योत नक्की गार व्हायची, तिथली ती खात्रीच गेली. पाणी अडवायला या मोटरीत रबरी ओ-रिंग वेगळ्या खाचेत असते. ज्योतीच्या वाटेत फक्त धातूसमोर धातू. त्या पृष्ठभागावर कानस फिरवायची नाही, रंग लावायचा नाही, स्क्रू-ड्रायव्हर घालून झाकण उचकटायचं नाही. एक खोल ओरखडा पुरतो.

नावपट्टीवरच्या बाकीच्या अक्षरांनाही अर्थ आहे. 'टू-बी' म्हणजे कुठल्या गटातले वायू चालतील, हायड्रोजन सल्फाइड याच गटात येतो. 'टी-फोर' म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग 135 अंशांच्या वर जाणार नाही. हा शब्द मोटर एकटीच्या बळावर पाळत नाही. भोवतीचं पाणी उतरलं आणि पंप तसाच चालत राहिला तर ती तापते, म्हणून वाइंडिंगमध्ये तापमानाचे स्विच बसवलेले असतात. त्यांच्या दोन तारा पॅनेलमध्ये नुसत्या जोडून टाकलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत, "सारखी ट्रिप होते" म्हणून. मला त्या वेळी खरंच भीती वाटली. ट्रिप होणं हेच तिचं काम होतं.

केबलचंही तसंच. जॉइंट खराब झाला की तारांच्या पिळांतून पाणी स्टार्टरपर्यंत चढतं, हे शेतकऱ्यांनी पाहिलेलं असतं. गॅसही त्याच वाटेनं जाऊ शकतो. म्हणून केबल शिरते तिथे इपॉक्सी ओतून प्रत्येक तार वेगळी बंदिस्त करतात. ते खरवडून काढलं की परत तसंच ओतावं लागतं, इन्सुलेशन टेप गुंडाळून भागत नाही.

नानांना मी हे सगळं कागदावर चित्र काढून सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "म्हणजे ती फट गाळणी आहे?" यापेक्षा चांगला शब्द मला पुस्तकात मिळाला नव्हता. त्यांनी झाकण परत खोललं, पॅकिंग काढलं, पृष्ठभाग रॉकेलच्या फडक्यानं पुसले, नवी ओ-रिंग मागवली. जोडावर एका जागी ओरखडा सापडला. तो त्यांनी घासला नाही. कारखान्याला फोन करून सांगितलं की ही मोटर प्रमाणपत्र असलेल्या दुरुस्ती केंद्रातच न्यावी लागेल. भरल्याची मजुरी गेली ती गेली.

मोटर न्यायला दोन पोरं टेम्पो घेऊन आली. नानांनी त्यांना विचारलं, पंप वर कसा काढला? एक जण म्हणाला, साखळी तुटलेली होती, दोर बांधायला तो स्वतः खाली उतरला होता. असे पंप खाली गाइड पाइपवरून सरकत तळाशी असलेल्या पाइपच्या कोपराला आपोआप बसतात आणि साखळीनं वर येतात, ते माणसाला विहिरीत उतरावं लागू नये म्हणूनच. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि आत गेलेल्याला वाटतं गॅस गेला. नानांनी गल्ल्यावरून उठून दुकानातली नवी साखळी मोजून दिली, कडी आधी वरच्या हुकाला अडकवायला सांगितली, आणि पैसे कारखान्याच्या बिलात लिहिले.