तुमच्या हातची गुहा, आमची भट्टी: भाजायला देण्याआधी एवढं वाचा

कासव, बिअर्डेड ड्रॅगन (घरी पाळतात तो एक सरडा), साप यांच्या काचपेटीसाठी घरी केलेल्या मातीच्या गुहा, ओंडके, पायऱ्या आम्ही भाजून देतो. काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अहो, चार दिवस उन्हात ठेवलीय, खडखडीत वाळलीय, उद्याच्या भट्टीत टाका की."

वरून खडखडीत असते, आतून नसते. वस्तू गालाला लावून बघा. गार लागली तर आत अजून पाणी आहे. भट्टी शंभर अंशांच्या वर गेली की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. ती जागा मिळाली नाही की वस्तू फुटते. "हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटली" असं लोक म्हणतात, पण बुडबुडा एकटा काही करत नाही. खोड ओलीची असते. गेल्या जुलैत एक तीनमजली डोंगर आला होता. आतून भरीव, मुठीएवढ्या जाडीचा. त्याच्या ठिकऱ्या दुसऱ्या एका ताईंच्या पणत्यांमध्ये घुसल्या आणि एक तुकडा खाचेत अडकून भट्टीची कॉइल गेली. चार दिवस काम बंद. तेव्हापासून वस्तू आली की आम्ही ती आठवडाभर आमच्या फळीवर ठेवतो, पावसाळ्यात पंधरा दिवस. यावर काही ग्राहक नाराज होतात, पण आम्ही हे तुमच्या आणि शेजारच्या वस्तूसाठीच करतो. भट्टीसुद्धा सुरुवातीचे चार तास शंभराच्या खाली रेंगाळत ठेवतो. वीज जळते, पण भाजणावळ त्यासाठी वाढवलेली नाही.

तेव्हा भिंत बोटाच्या जाडीची ठेवा, त्याहून जास्त नको. डोंगर हवाच असेल तर माती थोडी आवळली की खालून चमच्याने कोरून पोकळ करा आणि बुडाला एक भोक ठेवा. सुकवायचं ते सावलीत, वर सैलसा कागद टाकून. कडक उन्हात कडा आधी आकसतात, मध्य मागे राहतो आणि जोडाजवळ तडा जातो. जोडताना दोन्ही बाजू काट्याने खरवडून पातळ चिखल लावा. नुसतं बोटाने दाबलेलं हमखास सुटतं.

गणपतीनंतर उरलेला शाडू घेऊन पुष्कळ जण येतात. आम्ही तो भाजत नाही. त्यात कधी कागदाचा लगदा असतो, कधी डिंक, आणि भट्टीत काय होईल ते सांगता येत नाही. न भाजता पेटीत ठेवाल, तर पाणी फवारल्यावर हळूहळू त्याचा चिखल होणार. विसर्जनासाठी शाडू घेतात तो त्याच गुणामुळे. घरचा ओटीजी, म्हणजे केक भाजायचा छोटा ओव्हनही उपयोगाचा नाही. तो साधारण २५० अंशांवर थांबतो, आणि ६०० च्या आसपास पोहोचल्याशिवाय मातीचं पाण्यात विरघळणं थांबत नाही. आम्ही ९५० ते १००० पर्यंत नेतो.

शोभेसाठी शिंपले दाबू नका. भट्टीत शिंपल्याचा चुना होतो. वस्तू हातात छान दिसते, मग तो चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि आठवड्याभरात पापुद्रे उडतात.

माप घेताना लक्षात ठेवा, सुकून आणि भाजून वस्तू साधारण दहा टक्के आकसते. १० सेंटीमीटरचं तोंड ९ चं होतं. लाल कानाच्या कासवासाठी करत असाल तर आजचं माप घेऊच नका. दुकानातून रुपयाएवढं आणलेलं कासव मोठं होऊन जेवणाच्या ताटलीएवढं होतं. तेवढ्या कासवाला पुरेल अशी जागा घरात, अंगणात आहे का ते आधी ठरवा, मग गुहा. आणि तारा कासवासाठी असेल तर ऑर्डर घेत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ते घरी पाळणं गुन्हा आहे.

रंग, चकाकी आम्ही लावत नाही. खरखरीत पृष्ठभागावर प्राण्याच्या नखांना पकड मिळते, कात सोडताना अंग घासायला बरं पडतं, आणि कोरी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे गुहेत दमटपणा राहतो. घरी अ‍ॅक्रिलिक रंग देऊन दिव्याखाली ठेवू नका, पापुद्रे सुटतात. घरी नेल्यावर एक दिवस पाण्यात बुडवून, ब्रशने घासून, वाळवून वापरा. बोअरच्या पाण्याने वर पांढरे क्षार येतात, ते ब्रशने जातात. वस्तू वाळूवर नको, पेटीच्या तळावर टेकवा. प्राणी खालून उकरतो आणि ती अंगावर कोसळते.

मातीचा गोळा आमच्याकडे दीड किलोच्या पिशवीत मिळतो. त्यात भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेला असतो, त्यामुळे तडे कमी जातात. करायला वेळ नसेल तर तयार गुहा फळीवर आहेतच. तुमच्या पेटीचं लांबी-रुंदीचं माप मात्र कागदावर लिहून आणा, "एवढी असेल" असं हातांनी दाखवून चालत नाही.